घरातला कापूस, पेपरातला कापूस

प्रश्न : ताई, मी जळगावला एम. ए. करतो, अर्थशास्त्रात. घर यावल तालुक्यात, पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस. सकाळी पेपर उघडला की आईचा फोन : "भाऊ, आज काय भाव निंघाला?" पुस्तकात जीव रमत नाही. पेपर बंद करू?

उत्तर : अरे, तोच तर तुझा अभ्यास! ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क काही महिन्यांपुरतं उठवलं; त्या हंगामाचा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. दारावरचा व्यापारी काय देतो, ते आईला विचार. दोन्ही आकडे वहीत शेजारी लिही. बाजारभावाचे ग्रुप मात्र रात्री म्यूट कर. आणि त्या खोलीत झोपू नकोस, अंगाला फार खाजतं. मी झोपलेय अशा खोलीत.