आजोबांची जपानी तलवार: साफ करण्याआधी मुठीच्या आत बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजोबा पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणीत होते, दुसरं महायुद्ध संपल्यावर ते ही तलवार घेऊन आले, घर पाडताना ती माळ्यावर सापडली. पातं काळवंडलंय, टोकाकडे गंज आहे. ती खरी सामुराई तलवार आहे का, आणि चिंच-मीठ लावावं की ब्रासो?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. काहीही लावू नका. काचकागद नको, आणि कोपऱ्यावरच्या धारवाल्याकडे तर मुळीच नको. जपानी पात्याचं मोल त्याच्या पृष्ठभागात असतं. तिथल्या पोलादाची वीण आणि धारेलगतची नागमोडी पाण्याची रेघ एकदा घासली गेली की ती परत आणायला जपानमधला पारंपरिक पॉलिश करणारा कारागीर लागतो. तोही थोडं पोलाद काढूनच ती आणतो. पातं आधीच अनेकदा घासलेलं असेल, तर वरचा थर संपून आतलं मऊ पोलाद उघडं पडतं आणि मग कोणीच काही करू शकत नाही.

आता खरी की खोटी. बाहेरच्या साजावरून, म्हणजे मूठ-म्यानावरून, निकाल देऊ नका. १८७६ मध्ये जपानच्या मेइजी सरकारने तलवार लावून फिरण्यावर बंदी घातली आणि हजारो पाती घरोघरी पेट्यांत गेली. पुढे १९३०-४० च्या काळात अनेक अधिकाऱ्यांनी घराण्यातलं जुनं पातं लष्करी मुठीत आणि म्यानात बसवून घेतलं. त्यामुळे साज १९४० चा आणि पातं सोळाव्या शतकातलं, असं होऊ शकतं. बहुतेकदा होत नाही, पण होऊ शकतं.

मूठ नीट पाहा. ती ओतीव धातूची असेल, वर दोरी गुंडाळल्यासारखी नक्षी असेल, स्क्रूने बसवलेली असेल आणि पात्यावर मुठीजवळ आकडे ठोकलेले असतील, तर विषय तिथेच मिटला. ती १९३५ च्या नमुन्याची, हवालदार दर्जाच्या सैनिकांसाठी कारखान्यात बनवलेली तलवार. युद्धाची आठवण म्हणून ती जपण्यासारखी आहे, सामुराईशी तिचा संबंध नाही. लाकडी मुठीवर पाकट माशाचं खरखरीत पांढरं कातडं आणि त्यावर चौकटी सोडत गुंडाळलेली फीत असेल, तर मात्र ती अधिकाऱ्याची. मग आत बघायलाच हवं.

मुठीत बांबूची एक छोटी खुंटी असते, ती एका बाजूला निमुळती. निमुळत्या बाजूने लाकडी किंवा पितळी काडीने हलकेच ठोकून ती बाहेर काढा. मग मूठ डाव्या हातात, पातं वर आणि किंचित मागे कललेलं, धार तुमच्यापासून दूर. उजव्या मुठीने डाव्या मनगटावर हलके ठोसे द्या. पातं सैल होऊन वर येतं. जवळ दुसरं माणूस असू द्या, मुलं नकोत. नाहीच हललं तर सोडून द्या, हातरक्षकावर हातोडी मारू नका.

मुठीत लपलेल्या पात्याच्या या शेपटाला जपानीत नाकागो म्हणतात. सगळी कुंडली इथेच असते. शेकडो वर्षांचा गंज काळपट तपकिरी, घट्ट, बोटाला गुळगुळीत लागतो. नारिंगी, भुकटीसारखा गंज म्हणजे अलीकडचा, किंवा आम्लात बुडवून आणलेला. कानशीच्या रेघा एका तिरक्या शिस्तीत असतात; त्या लख्ख ताज्या असतील तर पातं बहुधा युद्धकाळातलं. एकाहून जास्त भोकं दिसली तर पातं कधीतरी आखूड केलंय किंवा नव्या मुठीत बसवलंय. जुन्या पात्यांत हे सर्रास असतं, तो दोष नाही. नाकागोवरचा गंज कधीही साफ करू नका. पातं साफ करणारे लोक हटकून इथेही हात चालवतात आणि पुरावाच पुसून टाकतात.

लहान गोल शिक्का दिसला तर त्याचा फोटो घ्या. ‘सेकी’ किंवा ‘शो’ हे अक्षर असेल तर पातं युद्धकाळातलं आणि सहसा पारंपरिक पद्धतीचं नसलेलं. तारा असेल तर लष्कराने मान्यता दिलेल्या लोहाराने तामाहागाने या पारंपरिक जपानी पोलादातून जुन्या पद्धतीने घडवलेलं. म्हणून ‘युद्धातली म्हणजे भंगार’ असं सरसकट म्हणू नये. टोकियोच्या यासुकुनी देवस्थानाच्या आवारात १९३३ ते १९४५ या काळात घडलेली पाती आज संग्राहक हौसेने घेतात.

कोरलेलं नाव वाचून हुरळून जाऊ नका. नामांकित लोहारांच्या खोट्या सह्या गेली कित्येक शतकं मारल्या जाताहेत. मासामुने या जपानच्या सर्वांत नावाजलेल्या जुन्या लोहाराची सही असलेलं पातं कोणी दाखवलं तर मी आधी हसतो आणि मग बघतो. ओसाफुने या तलवारींसाठी प्रसिद्ध गावातल्या सुकेसादा या नावाने तर पिढ्यान्‌पिढ्या अनेक लोहारांनी काम केलं, सामुराईंच्या काळातल्या युद्धांच्या धामधुमीत घाऊक मालही काढला. सही खरी असली तरी पातं सामान्य असू शकतं.

धारेजवळची नागमोडी रेघ एकाच बल्बच्या उजेडात तिरकं धरून पाहा. खऱ्या रेघेच्या काठावर दवासारखे बारीक चमकते कण दिसतात आणि पातं हलवलं की रेघ उजळते-विझते. आम्लाने काढलेली रेघ कुठूनही पाहिली तरी सपाट, पांढरट पट्टा. त्याच वेळी धारेला काटकोनात केसासारखी चीर आहे का तेही तपासा. ती असेल तर संग्राहकाच्या लेखी पातं संपलं.

निगा सोपी आहे. पात्याला उघडं बोट लावू नका, घामाचा ठसा आठवड्याभरात गंजतो. मऊ स्वच्छ कापडाने शुद्ध, हलक्या खनिज तेलाचा अगदी पातळ थर द्या. खोबरेल, तीळ, मोहरी नको, ती चिकट होतात. जपानी चोजी तेलाला लवंगेचा वास असतो म्हणून औषधाच्या दुकानातलं लवंगतेल चोळू नका. ते मुळात खनिज तेलच असतं, वासापुरती लवंग. दगडाच्या भुकटीने पातं थोपटायची जुनी पद्धत आहे, पण चांगल्या पॉलिशवर तिने बारीक ओरखडे येतात, मी ती सुचवत नाही. आडवी ठेवा, धार वर. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका. पावसाळ्यात महिन्याला एकदा बघा.

टोकियोच्या जपानी तलवार जतन संस्थेचं प्रमाणपत्र हवं तर पातं जपानमध्ये न्यावं लागतं, तिथे नोंदणी करावी लागते. कारखान्यातल्या लष्करी पात्यांची ही नोंदणी होतच नाही, ती जप्त होतात. शिवाय शंभर वर्षांहून जुनी वस्तू भारताबाहेर पाठवायला १९७२ चा पुरावस्तू कायदा आड येतो, त्यामुळे आधी पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाशी बोला. घरात ठेवण्याबद्दल शस्त्र कायद्याचं काय ते स्थानिक पोलिसांकडे विचारून घ्या.

आजोबांचे कागदही शोधा. पाचव्या मराठाची चौथी बटालियन मार्च १९४४ मध्ये मणिपुरातल्या सांगशाकला जपान्यांशी लढली. पहिली १९४६ मध्ये ब्रिगेडियर (पुढे लष्करप्रमुख) तिमय्यांच्या ब्रिगेडबरोबर जपानला गेली. तलवार रणांगणावरची की ताब्यात आलेल्या ढिगातली, हे बटालियनवरून कळू शकेल. म्यानाला चिठ्ठी किंवा लाकडी पट्टी बांधलेली असेल तर सोडू नका. शरण येताना काही अधिकारी आपलं नाव-पत्ता त्यावर लिहून देत.

नाकागोच्या दोन्ही बाजू, पूर्ण उघडं पातं आणि टोक, एवढे फोटो फ्लॅश न वापरता, काळ्या कापडावर काढून इथे टाका. नावं असतील तर वाचून सांगतो.