वाचकांचे प्रश्न : विद्यापीठाचे दप्तर डिजिटल करताना

विद्यापीठांच्या ग्रंथालयांतील जुने अहवाल, छायाचित्रे आणि ध्वनिफिती यांचा डिजिटल संग्रह कसा करावा, याविषयी आलेल्या पत्रांतून निवडलेले प्रश्न.

प्रश्न : वार्षिक अहवाल, विद्यार्थ्यांची नियतकालिके, सभांची हस्तलिखित इतिवृत्ते, भाषणांच्या कॅसेट आणि निगेटिव्हचे डबे असा आमचा संग्रह आहे. काम करणारी माणसे दोनच. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : कॅसेट आणि निगेटिव्हपासून. बहुतेक ठिकाणी नेमके उलटे होते. बांधीव अहवाल हाताळायला सोपे आणि मांडायला देखणे, म्हणून ते आधी स्कॅन होतात. पण बऱ्या कागदावरचा अहवाल कोरड्या कपाटात आणखी कितीतरी वर्षे निघेल, शिवाय त्याची दुसरी प्रत कुठेतरी सापडण्याचीही शक्यता असते. भाषणाची कॅसेट एकच असते.

चुंबकीय फितीवरचा थर ज्या चिकट द्रव्याने धरलेला असतो, ते दमट हवेत विघटित होते. मग फीत चिकटू लागते आणि थर वाजवतानाच हेडवर (यंत्रातल्या फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर) खरवडून निघतो. किंचाळल्यासारखा आवाज आला की यंत्र लगेच थांबवा, ती फीत जाणकाराकडे द्या. धडधाकट कॅसेट वाजवण्याआधी मागच्या काठावरच्या दोन छोट्या टिकल्या मोडा, म्हणजे चुकून तिच्यावर काही ध्वनिमुद्रित होणार नाही. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. आवाज दबलेला वाटला तर संगणकावर ‘सुधारत’ बसू नका, आधी हेडचा कोन जुळवा. मूळ ध्वनिमुद्रण वेगळ्या यंत्रावर झालेले असले की हा दोष बऱ्याचदा येतो. जतनासाठीची डिजिटल नक्कल ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट वेव्ह (आवाज न दाबता साठवणाऱ्या) स्वरूपात ठेवावी. तासाभराच्या स्टिरिओ मुद्रणाला सुमारे २ जीबी जागा लागते.

निगेटिव्हचा डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर अ‍ॅसिटेटची फिल्म कुजू लागली आहे असे समजा. त्यातून सुटणारे आम्ल कुजण्याचा वेग वाढवते आणि शेजारच्या निगेटिव्हनाही बाधते. असे डबे वेगळे काढा आणि थंड, कोरड्या जागी ठेवा. खोलीच्या तापमानाला ते हवाबंद डब्यात कोंडू नयेत.

यानंतर हस्तलिखित इतिवृत्ते, मग वृत्तपत्रांची कात्रणे. छापील अहवाल शेवटी.

प्रश्न : किती रिझोल्यूशनवर स्कॅन करावे? पुरवठादार म्हणतात २०० डीपीआय पीडीएफ पुरे.

उत्तर : वाचायला पुरे, जतन करायला अपुरे. कागदपत्रांसाठी ४०० पीपीआय (दर इंचाला चित्रबिंदू, पुरवठादार यालाच डीपीआय म्हणतात), २४ बिट रंगीत, संकोचन न केलेली टिफ ही चित्रफाइल हे सुरक्षित प्रमाण आहे. कागद काळापांढरा असला तरी रंगीतच घ्या. शाईचा फरक, शिक्क्याचा जांभळा रंग, नंतर कुणीतरी लाल पेनने केलेली दुरुस्ती, हे सगळे करड्या छटांत हरवते. ए-४ आकाराचे एक पान सुमारे ४६ एमबी होते, म्हणजे ३०० पानांच्या अहवालाला जवळपास १४ जीबी. कामाचा अंदाज मांडताना हा हिशेब आधी करा. ३५ मिमी निगेटिव्हला मात्र ४००० पीपीआय हवे, कारण मूळ चौकटच ३६ × २४ मिमी आहे. वाचकांसाठी याच टिफवरून जेपेग किंवा पीडीएफ/ए (दीर्घकाळ टिकवण्यासाठीचा पीडीएफ) बनवा.

घाई अंगाशी येते ती इथे : बांधीव खंड सपाट काचेवर दाबला की कणा फुटतो आणि शिलाईजवळचे शब्दही वळतात. त्यासाठी वरून कॅमेरा असलेला स्कॅनर आणि व्ही आकाराचा पाळणा (पुस्तक अर्धवट उघडे धरणारा आधार) वापरा. कागद आपोआप ओढणारे यंत्र जुन्या कागदाच्या जवळपास आणू नये. पानाच्या चारही कडा दिसू द्या, कोरी पानेही घ्या. कोरे पान गाळले की पुढच्या संशोधकाला पान फाटले होते की मुळातच कोरे होते, ते कळत नाही. प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला रंगपट्टीचे एक चित्र काढून ठेवा.

प्रश्न : २००० च्या सुमाराचे आमचे मराठी अहवाल पीडीएफमध्ये आहेत, पण शोधले तर एकही शब्द सापडत नाही.

उत्तर : ते युनिकोड (प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी सर्वमान्य पद्धत) येण्यापूर्वीच्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये जुळवलेले असणार. त्यात पडद्यावर ‘क’ दिसतो, पण आत साठवलेला असतो एखाद्या रोमन अक्षराचा किंवा चिन्हाचा सांकेतिक क्रमांक. मजकूर कॉपी करून दुसरीकडे चिकटवून पाहा. अर्थहीन अक्षरे उमटली की खात्री झाली. फॉन्टचे नाव पीडीएफच्या गुणधर्मांत सापडते. त्या फॉन्टसाठी परिवर्तक मिळाला तर उत्तम, नाहीतर पानांची चित्रे करून त्यांवर टेसरॅक्टसारखी, चित्रातली अक्षरे वाचून मजकूर बनवणारी अक्षर-ओळख प्रणाली चालवा. मूळ पीडीएफ मात्र टाकू नका.

खिळ्यांच्या छपाईवर ही ओळख अडखळते. तुटलेली मात्रा, पुसट अनुस्वार आणि जोडाक्षरे यांत सर्वाधिक चुका होतात. सगळा मजकूर हाताने दुरुस्त करायला कुणालाच सवड नसते. शीर्षके, व्यक्तींची नावे आणि विभागांची नावे एवढी तपासली तरी बहुतेक शोध लागतात.

प्रश्न : शेकडो छायाचित्रांवर नाव-तारीख काहीच नाही. नोंद काय करायची?

उत्तर : आधी पाठ पाहा. स्टुडिओचा शिक्का, क्रमांक, पेन्सिलीची खूण यांसाठी मागची बाजूही स्कॅन करा. तारीख ताडण्यासाठी इमारती कामी येतात : इमारतीचा नवा भाग बांधण्याआधीचे की नंतरचे, एवढे कळले तरी पाच-दहा वर्षांची मर्यादा ठरते. त्याच वर्षांच्या नियतकालिकांत तेच छायाचित्र नावांसह छापलेले सापडते, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही.

माजी विद्यार्थ्यांना दाखवून ओळख पटवता येते, पण ‘कोणी ओळखले, कधी, किती खात्रीने’ हे नोंदीत लिहा. दोघांनी दोन नावे सांगितली तर दोन्ही ठेवा. अंदाज आणि पुरावा एकाच रकान्यात मिसळला की तो अंदाज पुढे इतिहास म्हणून उद्धृत होऊ लागतो.

नोंदीसाठी १९९५ मध्ये सुरुवात झालेल्या डब्लिन कोअर या नोंदपद्धतीच्या १५ घटकांनी (शीर्षक, तारीख यांसारख्या रकान्यांनी) सुरुवात होते. तारीख १९६७-०२-१८ अशी वर्ष-महिना-दिवस क्रमाने लिहा. ‘१९६६-६७’ हे शैक्षणिक वर्ष असेल तर तसे शब्दांत सांगा. विभागाचे नाव बदलले असेल तर त्या काळचे आणि आजचे, दोन्ही द्या. फाइलच्या नावात मात्र वर्णन कोंबू नका. रोमन अक्षरे आणि अंक असलेला साधा दाखल क्रमांक पुरतो. छायाचित्राच्या पाठीवर बॉलपेन चालवू नये, मऊ पेन्सिलीनेच लिहावे.

प्रश्न : जुन्या गुणनोंदवह्या आणि शिस्तभंगाची प्रकरणे संकेतस्थळावर ठेवावीत का?

उत्तर : नाही. स्कॅन करा, जपा, पण बंद ठेवा. हयात माणसांची माहिती खुली करण्याचा अधिकार संग्रहाला आपोआप मिळत नाही. किती वर्षांनी खुली करायची याचा लेखी नियम आधी ठरवा. छायाचित्रांचेही तसेच : प्रत आपल्याकडे असली म्हणजे स्वामित्वहक्क आपला असतो असे नाही.

प्रश्न : सगळे स्कॅन दोन हार्ड डिस्कवर कपाटात ठेवले आहेत. पुरेसे आहे ना?

उत्तर : एकाच कपाटातल्या दोन डिस्क म्हणजे एकच प्रत समजा, आग, पाणी, चोरी दोन्हींना एकदमच गाठते. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतली एक दुसऱ्या इमारतीत, शक्यतो दुसऱ्या गावात. स्टॅनफर्डच्या ग्रंथालयातून सुरू झालेल्या ‘लॉक्स’ प्रकल्पाचा पायाही भरपूर प्रती हाच आहे.

नुसत्या प्रतींनी भागत नाही. बिघडलेली फाइल दिसायला शाबूत असते आणि तिच्यावरून नव्या प्रती निघत राहतात. म्हणून स्कॅन झाल्या झाल्या प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ तपासांक (फाइल जराही बदलली की बदलणारा, तिच्यावरूनच काढलेला संकेत) काढून यादी ठेवा आणि वर्षातून किमान एकदा सगळ्या प्रती त्या यादीशी ताडून पाहा. फाइल, नोंद आणि तपासांक एकत्र बांधण्यासाठी ‘बॅगइट’ हा साधा आराखडा आहे. एमआयटी आणि एचपी यांनी २००२ मध्ये काढलेली, मोफत मिळणारी डीस्पेस प्रणाली संग्रह लोकांपुढे मांडायला चांगली, पण मांडणी म्हणजे जतन नव्हे. कोणतीही प्रणाली घेताना फाइली आणि नोंदी एकत्र बाहेर काढता येतात का, ते खरेदीआधी करून पाहा.

प्रश्न : विद्यापीठाचे संकेतस्थळ लवकरच नव्याने बांधले जाणार आहे. जुन्याचे काय?

उत्तर : ते बंद होण्याआधी टिपून घ्या. गेल्या वीस वर्षांतली परिपत्रके, अभ्यासक्रम आणि कार्यक्रमांची छायाचित्रे बऱ्याचदा फक्त तिथेच असतात, कागदावर कुठेच नसतात. वॉर्क हे संकेतस्थळे टिपून साठवण्याचे प्रमाणित फाइल-स्वरूप आहे, त्यात पानांसोबत दुवेही टिकतात. शोधपेटीतून किंवा प्रवेशशब्द टाकूनच उघडणारी पाने आपोआप टिपणाऱ्या प्रणालीच्या हाती लागत नाहीत. त्यांच्या फाइली आणि माहितीसाठा संगणक विभागाकडून स्वतंत्रपणे मागून घ्या, आणि तेही नवे कंत्राट सुरू होण्यापूर्वी.