देवचाराला अटल सेतूवर काय काम?

प्रिय मुली,

गोव्यातल्या गावांची राखण करणाऱ्या देवचारावरच्या तुझ्या मालिकेचे चारही भाग वाचले. सोबतची लांबलचक चिठ्ठी दोनदा वाचली. कार्यशाळेतले कुणीतरी म्हणतात, देवचाराला विकासाचं प्रतीक कर. निर्मात्याचा माणूस म्हणतो, दर पाच मिनिटांनी प्रेक्षक दचकला पाहिजे. घरी बाबांचं तिसरंच, भुताखेतांचं लिहून अंधश्रद्धा पसरवू नकोस. तू तिघांचं मन राखायला निघालीस आणि चौथ्या भागाची पार वाट लागली. भयकथा हा हलका प्रकार का, या तुझ्या प्रश्नाला मी उत्तर देणार नाही. धारप-मतकरी वाचून वाढलेल्या मुलीनं तो विचारायचाच नसतो.

मला एकच सांगायचंय. भुताला नियम हवा आणि तो लेखकानं पाळायला हवा.

पहिल्या दोन भागांत तुझा देवचार गावच्या शिमेत, म्हणजे वेशीच्या आत, राहतो. अवसेच्या रात्री डोंगरावरून उतरतो, वडाखालून तळीपर्यंत जातो, हातात दांडा, पायात वहाणा. त्याच्या वाटेवर दिल्लीच्या माणसानं व्हिला बांधला, कंपाउंड घातलं, पोहायचा तलाव खणला. पहाटे माळ्याला वहाणांचे ओले ठसे दिसतात. तलावाच्या या काठाशी संपलेले, त्या काठावर पुन्हा सुरू झालेले, मध्ये पाणी. हे तुला सुचलं कसं गं? मी ते पान बाजूला ठेवून पाणी पिऊन आलो. आणि चौथ्या भागात हाच देवचार मांडवी नदीवरच्या अटल सेतूवर, गाडीच्या मागच्या सीटवर! पणजीत त्याचं काय काम? कॅसिनोला निघालाय? शीम ओलांडून मांडवीपर्यंत येता येत असेल, तर एका वाटेसाठी तो एवढा का चिडलाय? एका दचक्यापायी दोन भागांत साठवलेली भीती उधळलीस.

आमच्या लहानपणी मराठीतून इंद्रजाल कॉमिक्स यायची, त्यात वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम. ली फॉकनं 1936 साली जन्माला घातलेला हा वीर भूत नव्हेच. बाप गेला की मुलगा तोच मुखवटा चढवतो, म्हणून जंगलातल्या लोकांना तो अमर वाटतो. पण त्याचे नियम बघ. त्याचा चेहरा पाहील त्याला भयंकर मरण. त्याचा ठोसा बसला की जबड्यावर कवटीची खूण, जन्मभर न जाणारी. चौकटीत गुंड आडवा पडलेला, हनुवटीवर ती खूण, बाकी काही हलत नाही, तरी आम्ही तिथेच रेंगाळायचो. आमोणे गावच्या देवळातला वेताळ ठाऊक असलेल्या पोरांना हा परका वाटायला हवा होता. वाटला नाही. दोघेही आपापल्या नियमाला धरून होते.

रामसे बंधूंना लोक हसतात, मी हसत नाही. 'पुराना मंदिर' (1984) मध्ये सामरी या सैतानाचं मुंडकं पेटीत एकीकडे, धड दुसरीकडे. दोन्ही एकत्र आली की खेळ खलास. रबरी मेकअप दिसतो, तरी त्या पेटीला कुणी हात लावू नये असं वाटत राहतं. 'तुंबाड' (2018) तर तुझं पाठच असेल. पिठाचं रिंगण आखायचं, हस्तर नावाच्या शापित देवापुढे पिठाची बाहुली टाकायची, तो तिच्यावर तुटून पडला की लंगोटातली मोहर उचलायची. बाप मुलाला शिकवतो तेव्हा आपणही शिकतो. म्हणून पोरगा एकाऐवजी ढीगभर बाहुल्या न्यायचं सुचवतो, तिथेच आपल्या पोटात गोळा येतो. अजून काहीच झालेलं नसतं.

बाबांना सांग, मीही भूत मानत नाही. त्यांनाच घेऊन होळीला साळ गावी जा, गडे बघायला, म्हणजे अंगात आल्यावर रात्री रानात धावणारी माणसं. दिवे मालवलेले, माणसं अंधारात डोंगराकडे डोळे लावून उभी, कुणी मोबाइल काढला तर शेजारचा खेकसतो. मानणारे आणि न मानणारे सारखेच गप्प असतात. प्रतीकाचं म्हणशील तर भिंत, वाट आणि तलाव दाखवलेस की गोव्यात पुढचं कुणाला समजावावं लागत नाही. प्रतीक म्हणून लिहायला बसशील तर देवचार भाषण करील. तिसऱ्या भागात त्याचं तोंड उघडायला लागलंच आहे.

मी लिहीत होतो ती भुताची मालिका मध्येच सोडली, हे तुला कुणी ना कुणी सांगितलं असेलच. वाहिनीचं नाव घेत नाही. माझी विहिरीतली बाई त्या विहिरीचं पाणी प्यायलेल्यालाच दिसायची. टीआरपी घसरला आणि फर्मान आलं, तिला सासूच्या मोबाइलवर बोलू द्या. मी नाही म्हटलं. दुसऱ्यानं लिहिलं, मालिका धो धो चालली, मला पुढे कुणी बोलावलं नाही. मित्र अडेलतट्टू म्हणतात. म्हणोत! त्या खोलीत बाईची बाजू घेणारा माझ्याशिवाय कोण होता? मोबाइलवर आली म्हणजे पाणी न प्यायलेल्यांनाही ती दिसणार, मग विहीर कशाला, पाणी कशाला, मी तरी कशाला? पैशाचं काही नाही. लोकांनी पाहिली ती दुसरीच कुणीतरी, माझी बाई कुणाला दिसलीच नाही, हे मात्र अजून सलतं. आजही कुणी तसं फर्मान काढलं तर नाहीच म्हणेन. असो, विषय तुझा आहे.

पुलाचा प्रसंग काढून टाक. देवचार शिमेबाहेर जात नाही, तर व्हिलाच्या मालकाला गावात परत यावं लागेल असं काहीतरी शोध. अडकलेला सौदा, पगार थकलेला माळी, पंचायतीची नोटीस, काहीही चालेल, पण तो स्वतःच्या पायांनी आला पाहिजे, आणि अवसेलाच. निर्माता कुरकुरेल. कुरकुरू दे. फारच ताणलं तर त्याला सोड आणि याचं कॉमिक काढ. तुझ्या भावाचा चित्राचा हात बरा आहे, तलावाकाठचे ते ठसे त्याला एक अख्खं पान देऊन काढायला सांग.

आणि पाचवा भाग व्हॉट्सॲपवर फोटो काढून पाठवू नकोस. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय. मोठ्या टायपात छाप आणि सकाळच्या साखळी गावाला जाणाऱ्या बसच्या कंडक्टरकडे दे, तो मला ओळखतो.

तुझा,
काका