नागीण, कांजिण्या, हर्पिस: तुमचे प्रश्न आणि माझी उत्तरं

कांजिण्या, नागीण, ओठावरचं हर्पिस, चामखीळ, हिपॅटायटिस बी, हे सगळे डीएनए व्हायरसमुळे होणारे आजार. मी त्वचा आणि गुप्तरोगाची डॉक्टर, त्यामुळे यांचे मेसेज मला रोज येतात, आणि निम्म्या मेसेजमध्ये घोळ तोच असतो, म्हणून एकदा सगळ्यांना इथेच उत्तर देते. फोटो पाठवून निदान मागू नका, प्लीज. कातडी समोर बघावी लागते.

लहानपणी कांजिण्या होऊन गेल्यात. म्हणजे आता नागीण होणार नाही ना? (पुणे)

उलट आहे. कांजिण्या झालेल्यांनाच नागीण होते, व्हायरस तोच.

आईचं वय ६८, शुगर आहे. परवापासून डाव्या बरगडीखाली फोडांचा पट्टा उठलाय. गावातल्या एक बाई गेरू लावून मंत्राने उतरवतात, सात दिवस दुसरं औषध घ्यायचं नाही म्हणतात. तोंड आणि शेपूट जुळलं तर माणूस जातो हे खरं का? (सांगली जिल्हा)

आज, म्हणजे आजच, आईंना डॉक्टरकडे न्या. त्वचारोगतज्ज्ञ जवळ नसेल तर फॅमिली डॉक्टर चालतील. बाकीचं नंतर वाचा.

नागिणीचा सापाशी, शापाशी, नजर लागण्याशी काहीही संबंध नाही. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी त्यांचा व्हायरस मणक्याजवळ नसांच्या मुळाशी गप्प पडून राहतो, आणि वय वाढलं, शुगर वाढली, स्टेरॉइड किंवा केमो चालू असली की एखाद्या नसेवरून परत कातडीपर्यंत येतो. ती नस पाठीच्या मधल्या रेषेपासून निघते आणि पोटाच्या मधल्या रेषेपाशी संपते, म्हणून पट्टा एकाच बाजूला येतो आणि तिथेच थांबतो. तोंड-शेपूट जुळायचा प्रश्न सहसा येतच नाही. कुणाला दोन्ही बाजूंना किंवा अंगभर फोड उठले तर प्रतिकारशक्ती फार कमी झालेली असू शकते, अशा वेळी थेट हॉस्पिटल गाठायचं.

मंत्राने उतरते असं लोकांना वाटतं कारण फोड सात ते दहा दिवसांत आपोआपच सुकायला लागतात, गेरू लावा नाहीतर लावू नका, आणि श्रेय उतरवणाऱ्याला मिळतं. तेवढ्या दिवसांत आतल्या नसेचं काय झालं ते कुणी बघत नाही. व्हायरसवरच्या गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू केल्या तर त्यांचा सगळ्यात जास्त उपयोग होतो, आणि तुमच्या आईंचे त्यातले दोन दिवस गेलेत. ज्यांचे ७२ तास उलटलेत त्यांनीही घरी बसू नका, नवीन फोड येत असतील तर त्यानंतरही गोळ्या देतात, ते डॉक्टर ठरवतील.

फोड गेले तरी दुखणं मागे राहतं, महिनोन्‌महिने, काहींना वर्षाच्या वर. पदर घासला तरी आग होते, रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही, अशा आज्या माझ्याकडे सारख्या येतात आणि प्रत्येकीचं तेच, आधी गेरू, मग शेजारणीने दिलेलं तेल, मग मेडिकलमधली छोटी ट्यूब, आणि शेवटी डॉक्टर. या उशिराचा मला खरंच त्रास होतो कारण उपाय त्यांच्या तालुक्यातच होता. ट्यूबने नागीण बरी होत नाही, व्हायरस नसेत असतो. मेडिकलवाला स्टेरॉइडवालं मिक्स क्रीम देईल तेही घेऊ नका, आणि गोळ्याही परस्पर आणू नका, किडनीचा रिपोर्ट बघून डोस ठरवावा लागतो, ६८ वर्षं आणि शुगर असताना तर नक्कीच. फुटलेल्या फोडांवर माती-गेरू गेला तर पू होतो.

आणखी दोन गोष्टी घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. कपाळावर, पापणीवर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर, नजर जाऊ शकते. कानात फोड येऊन तोंड वाकडं झालं तर त्याच दिवशी कान-नाक-घसा. आणि पुरळ यायच्या आधी दोन-चार दिवस नुसतंच जळजळतं, टोचतं, तेव्हा अ‍ॅसिडिटी आहे, उसण भरली असेल असं म्हणून लोक बाम चोळत बसतात. छातीत दुखत असेल तर आधी ईसीजी काढाच, पण रोज ती जागा उघडून बघत जा.

सासऱ्यांना नागीण झालीय, मला पाचवा महिना. माहेरी जाऊ का? (कोल्हापूर)

नागिणीमुळे दुसऱ्याला नागीण होत नाही, पण फोडांच्या पाण्यातून कांजिण्या होऊ शकतात, त्याही ज्याला आधी झालेल्या नाहीत त्यालाच. तुम्हाला कांजिण्या किंवा त्याची लस झाली असेल तर निवांत राहा. आठवत नसेल तर आईला विचारा, तरी खात्री होत नसेल तर आजच तुमच्या गायनॅकला सांगा, रक्त तपासून कळतं आणि गरज पडली तर इंजेक्शन वेळेत द्यावं लागतं. तोपर्यंत सासऱ्यांचे फोड झाकलेले असू देत, टॉवेल वेगळा.

मी न्यू जर्सीत असतो, आईबाबा नाशिकला. येताना नागिणीची लस घेऊन येऊ का?

नको. लस २ ते ८ डिग्रीत ठेवावी लागते, बॅगेतून आणायची गोष्ट नाही ती, आणि २०२३ पासून भारतात मिळते. पन्नाशीपुढच्यांसाठी, दोन डोस, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने. महाग आहे, पण ट्रायलमध्ये ९० टक्क्यांच्या आसपास आणि त्याहून जास्त संरक्षण दिसलंय. नागीण होऊन गेलेल्यांनाही घेता येते, फोड अंगावर असताना मात्र नाही. त्यांच्या डॉक्टरांशी बोलून घ्या. ‘नागीण प्रतिबंधक’ काढे विकतात त्यावर पैसे घालवू नका.

लग्न ठरलंय. फुल बॉडी चेकअपच्या पॅकेजमध्ये हर्पिस आयजीजी पॉझिटिव्ह आलं. मला कधीच काही झालेलं नाही. लग्न मोडावं लागेल का? (ठाणे)

नाही. लक्षणं नसताना ही टेस्ट करायचीच नसते, पॅकेज मोठं दिसावं म्हणून लॅबवाले घालतात आणि मग मुलं रडत येतात. आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे व्हायरसशी कधीतरी गाठ पडलीय, एवढंच, आणि चुकीचं पॉझिटिव्हही येतं. हर्पिसचा टाइप १, म्हणजे मुख्यतः ओठावर येणारा, तर बहुतेकदा लहानपणीच लागतो, जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने ५० वर्षांखालच्या दर तिघांतल्या जवळपास दोघांत तो असतो. रिपोर्ट घेऊन गुप्तरोगतज्ज्ञाला भेटा, होणाऱ्या बायकोला सोबत नेलंत तर उत्तमच.

मुलाला कांजिण्या आल्यात. आजी म्हणतात देवी आल्या, आंघोळ नाही, घरात फोडणी नाही. (लातूर)

देवीचा रोग जगातून गेल्याचं १९८० साली जाहीर झालंय, हा वेगळा व्हायरस. आंघोळ घाला, नखं कापा, खायला नेहमीचंच द्या. अ‍ॅस्पिरिन अजिबात नाही. सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत शाळा नाही. धाप लागली, मूल सुस्त पडलं तर लगेच डॉक्टर.

चामखीळ घोड्याच्या केसाने बांधली तर पडते का?

बांधू नका, जखम चिघळते. आधी ती चामखीळच आहे का ते दाखवा.

रक्तदानानंतर ब्लड बँकेने बोलावून हिपॅटायटिस बी असल्याचं सांगितलं. तब्येत ठणठणीत आहे. काविळीचं झाडपाल्याचं औषध घेऊ का? (जळगाव)

एक पुडीसुद्धा नको, लिव्हरवर आणखी भार येईल. त्रास नाही म्हणून थांबूही नका, हा व्हायरस वर्षानुवर्षं गुपचूप लिव्हर खराब करतो. या आठवड्यात पोटविकार किंवा लिव्हरच्या डॉक्टरांना भेटा. बायको-मुलांची टेस्ट करा, निगेटिव्ह आली तर लस द्या. एका ताटात जेवल्याने हा पसरत नाही, रेझर आणि ब्रश मात्र वेगळे. बायको पॉझिटिव्ह निघाली आणि पुढे दिवस राहिले तर डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा, बाळाला जन्मल्यावर २४ तासांच्या आत लस आणि सोबत इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन) द्यावं लागतं.