'टेबल' हे इंग्रजी क्रियापद 'मांडणे' या अर्थी वापरतात की 'बाजूला ठेवणे'? डिक्शनरीत दोन्ही दिलंय.

दोन्ही बरोबर आहे. बोलणारा कुठला ते बघायचं. ब्रिटिश असेल तर 'चर्चेला घ्या', अमेरिकन असेल तर 'राहू दे आता'. आपली संसदेची पद्धत ब्रिटिशांकडून आली, म्हणून आपल्याकडे पहिला अर्थ रुजला. कॅगचा अहवाल 'टेबल' झाला असं इंग्रजी पेपरात येतं तेव्हा तो सभागृहाच्या पटलावर ठेवलेला असतो, कपाटात नव्हे.

पण हे आमच्या टीम लीडला कोण सांगणार! हिंजवडीत टेस्टिंगला होते तेव्हाची गोष्ट. क्लायंट अमेरिकेतला. शुक्रवारी रात्रीच्या कॉलवर तिकडची मॅनेजर रिपोर्टच्या नव्या फॉरमॅटबद्दल म्हणाली, "लेट्स टेबल इट फॉर नाऊ." कॉल संपला आणि साहेबांचं फर्मान सुटलं: सोमवारी डेमो, सगळ्यांनी शनिवारी या. मी म्हटलं, अहो, ती नको म्हणतेय. मागच्या मिटिंगांचे मिनिट्स उघडले. 'टेबल्ड' या मथळ्याखाली गेलेला एकही मुद्दा परत वर आला नव्हता. आणि मांडायचंच असतं तर 'फॉर नाऊ' कशाला जोडेल? साहेबांनी स्क्रीनकडे पाहिलंसुद्धा नाही. "तू मराठी मीडियमची ना? मग इंग्रजीचं माझ्यावर सोड." पोरं फिदीफिदी हसली.

शनिवार-रविवार वडापाव खात ऑफिसात गेला. सोमवारी डेमो सुरू झाल्या झाल्या तिने विचारलं, "आय थॉट वी टेबल्ड धिस?" साहेब खुशीत म्हणाले, "येस येस, वी डिड!" आणि पुढची स्लाइड लावली.

या शब्दावर भलेभले घसरलेत म्हणा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश अधिकाऱ्यांना एक कागद तातडीने चर्चेला घ्यायचा होता, म्हणून ते 'टेबल करू' म्हणाले. अमेरिकनांना वाटलं, हे तो खणात टाकतायत. बराच वेळ भांडल्यावर कळलं की दोघांना एकच हवंय. चर्चिलनेच हे आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय. तेही इंग्रजी मीडियमचेच होते.

कॉन्व्हेंटमध्ये उच्चार मिळतात, अर्थ वाचूनच कळतो, हे माझं ठाम मत आहे. स्पोकन इंग्लिशच्या क्लासला पैसे घालण्यापेक्षा समोरच्याचे जुने मेल वाचा.

हो, एक राहिलं. कॅनडाच्या संसदेत ब्रिटिश अर्थ चालतो, पण शेजार अमेरिकेचा, त्यामुळे तिथल्या ऑफिसात दोन्ही कानावर पडतात. तिथे सरळ विचारून घ्या. स्वतः लिहिताना तर हे क्रियापद वापरूच नका, 'प्रेझेंट' किंवा 'पोस्टपोन' लिहा. आणि कुणी मीडियम काढलंच, तर माझ्यासारखी नुसती स्क्रीन फिरवू नका. मिनिट्सची प्रिंट काढा आणि त्याच्या टेबलावर आपटा.