शीचं घर

न्यूजर्सी काय नि लंडन काय, सगळीकडून एकच प्रश्न, पोरगं पाच वर्षांचं झालं, मराठी कळतं, पण गोष्टीचं पुस्तक काढलं की पळतं, काय करू? माझंही तेच झालेलं. न्यूजर्सीच्या नातवाला इथून दादरहून बाराखडीचा तक्ता आणि आठ-दहा पुस्तकं पाठवली, महिन्याभराने व्हिडिओ कॉलवर बघते तर तक्ता भिंतीवर आणि पुस्तकांची गाड्या सोडायची घसरगुंडी. म्हटलं चला, हात तरी लागतोय.

मग तक्ता सोडला नि चिऊ-काऊ धरले. काऊचं घर शेणाचं म्हटल्यावर विचारतो शेण म्हणजे काय, म्हटलं गाईची शी, झालं, पठ्ठ्या सोफ्यावरून लोळत खाली. रविवारी फोन घेऊन देवळाबाहेरच्या गायवालीकडे गेले आणि लाइव्ह दाखवलं (ती बाई माझ्याकडे बघतच राहिली). तेव्हापासून रोज फर्माईश, आजी, शीचं घर! चिऊताई दार उघडत नाही तिथे मी मुद्दाम अडते, "थांब, माझ्या बाळाला..." पुढचं तो भरतो, न्हाऊ घालते, तीट लावते, आणि एकदा तर "कार सीटमध्ये बसवते".

तर अक्षरांची घाई नको, आधी कानावर पडू दे. तीच गोष्ट पन्नासदा मागतील, कंटाळा तुम्हाला येईल, त्यांना नाही. 'चिऊने डोअर ओपन केला' म्हणाला तर लगेच मास्तरकी नको, आपण पुढे 'हो, दार उघडलं आणि...' म्हणायचं, बस. लायब्ररीतलं इंग्रजी पुस्तकही चालतं, चित्रं दाखवत आपल्या मराठीत सांगा, शब्दाला शब्द कशाला.

आजी-आजोबा इथे असतील तर एकाच पुस्तकाच्या दोन प्रती घ्या, एक इथे एक तिकडे, दोघांनी एकदम पान उलटायचं, नाहीतर कॅमेऱ्यासमोर पुस्तक धरून हात भरून येतो आणि अर्धं चित्र दिसत नाही ते वेगळंच. तिकडचे संध्याकाळचे साडेसात म्हणजे माझे पहाटेचे ५, हिवाळ्यात त्यांची घड्याळं मागे गेली की ६. चहाचं आधण ठेवते नि बसते.

पुस्तकं जवळ नसतील तर प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर ही वेबसाइट बघा, मराठीत चित्रगोष्टी आहेत, फुकट, पहिल्या लेव्हलला पानावर अगदी थोडे शब्द, प्रिंटही काढता येते. बालभारतीचं किशोर १९७१ पासून निघतंय, जुने अंक ऑनलाइन मिळतात पण ते जरा मोठ्या मुलांचं, तोवर आईबाबांनी वाचावं.

आणि तो तक्ता. परवा नातवाने स्वतःच बोट ठेवून विचारलं, चिऊतला च कुठला? तक्त्यावर च चमच्याचा आहे, ते काही त्याला पटलेलं नाही.