ग्राम्फू ते लोसर : गाडी अडली, आता किल्ली फिरवायची का?

मनालीहून हिमाचलच्या स्पितीतल्या काझाला स्वतःच्या गाडीने निघालेल्या वाचकांचे प्रश्न या वेळी घेतले आहेत. ग्राम्फूनंतर छत्रू, बातल, कुंझुम खिंड आणि लोसर असा हा पट्टा. वाटेत गॅरेज नाही, पंप थेट काझाला.

प्रश्न : छत्रूच्या पुढे नाले रस्त्यावरूनच वाहतात असं ऐकलं. डिझेल गाडी पाण्यात बंद पडली, तर लगेच सेल्फ मारून बाहेर काढायची ना? (वाचक, पुणे)

नाही. सेल्फला हातही लावू नका. हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये शिरलं असेल तर पिस्टन वर येताना ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. डिझेल इंजिनात वरची पोकळी फार लहान असते, त्यामुळे थोडं पाणीही पुरतं. बंद पडलेलं इंजिन बहुतेक वेळा वाचवता येतं. ते मोडतं पुन्हा सेल्फ मारल्यावर.

पाणी गुडघ्यापर्यंत आणि ओढ असेल तर आधी माणसं बाहेर. मग टोचन. बंपरमधलं चौकोनी झाकण काढून टोचनचा हूक पूर्ण आत जाईपर्यंत फिरवा. काही गाड्यांत त्याचे आटे उलटे असतात. दोरावर मध्यभागी एक जाड जॅकेट टाका, म्हणजे दोर तुटला तरी कमी उसळेल, आणि दोराच्या रेषेत कुणालाही उभं राहू देऊ नका. किल्ली ‘ऑन’वर हवी, नाहीतर स्टिअरिंग लॉक होईल. इंजिन बंद असल्याने ब्रेक फार जड लागेल, तो जोर लावून दाबायचा. ऑटोमॅटिक गाडी चाकं जमिनीवर ठेवून लांब ओढू नका, गिअरबॉक्स जातो.

कोरड्या जागी आल्यावर एअर फिल्टरचं झाकण उघडा. कागद कोरडा आणि डिपस्टिकवरचं (ऑइल मोजायच्या पट्टीवरचं) ऑइल नेहमीच्या रंगाचं असेल, तरच किल्ली फिरवा. कागद ओला असेल तर पेट्रोल गाडीत वाट आहे : इंधन पंपाचा फ्यूज काढा, कॉइलचे कनेक्टर सोडवा, सगळे स्पार्क प्लग काढा आणि पाच-सहा सेकंद सेल्फ मारा, पाणी भोकांतून बाहेर फेकलं जातं. डिझेलमध्ये त्यासाठी ग्लो प्लग किंवा इंजेक्टर काढावे लागतात. ते काम मेकॅनिकचं, म्हणून गाडी टोचन करूनच न्या. ऑइल दुधाळ झालं असेल तर कोणत्याही गाडीत ऑइल बदलल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही.

हे टाळायचं असेल तर नाले सकाळी लवकर ओलांडा. दिवसभराच्या उन्हाने बर्फ वितळतं आणि दुपारनंतर पाणी वाढत जातं. आधी काठीने खोली बघा, मग पहिल्या गिअरमध्ये एकसारख्या वेगाने, क्लच न दाबता पार व्हा.

प्रश्न : आंबा घाटात रेडिएटरचा पाइप फुटला, तेव्हा मेकॅनिकने टेप गुंडाळून, कॅप सैल ठेवून गाडी घरी आणवली. कुंझुमला हाच उपाय चालेल? (वाचक, कोल्हापूर)

टेप चालेल, सैल कॅप चालणार नाही. कॅप सैल ठेवली की आतला दाब कमी होतो आणि टेप टिकते, हे खरं. पण दाब गेला की उकळण्याचं तापमानही उतरतं. आंबा घाटात उघडं पाणी 98 अंशांच्या आसपास उकळतं. कुंझुम साडेचार हजार मीटरवर आहे, तिथे ते 85 अंशांनाच उकळेल. रेडिएटरचा पंखा साधारण 95च्या आसपास सुरू होतो. म्हणजे पंखा लागण्याआधीच पाणी वाफ होऊन निघून जाईल, आणि तापमानाचा काटाही भरवशाचा राहणार नाही, कारण सेन्सरभोवती पाणीच नसेल.

म्हणून जोड दाब सोसणारा हवा. इंजिन बंद करून किमान अर्धा-पाऊण तास थांबा, तोवर कॅपला हात नको. पाइप बहुधा क्लिपजवळच चिरतो. तसं असेल आणि पाइपाला ढील असेल, तर चिरलेलं टोक दोन-तीन सेंटिमीटर कापून तोच पाइप पुन्हा बसवा. हा जोड सगळ्यांत पक्का. मध्ये चीर असेल तर जागा कोरडी पुसून, स्वतःलाच चिकटणारी सिलिकॉन टेप दुप्पट ताणत, प्रत्येक वेढा आधीच्या अर्ध्यावर घेत, चिरेच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच सेंटिमीटर गुंडाळा. असे तीन-चार थर द्या. वरून जुन्या स्कूटर ट्यूबची पट्टी आणि दोन क्लिप. साधी इलेक्ट्रिक टेप गरम पाण्यात सुटते, तिच्यावर वेळ घालवू नका.

पाणी हळूहळू भरा. तापलेल्या इंजिनात बर्फाळ नाल्याचं पाणी एकदम ओतलं तर अॅल्युमिनियमचं हेड वाकतं किंवा तडकतं. कॅप पूर्ण आवळा, गाडी उभी ठेवून दहा मिनिटं इंजिन चालवून जोड बघा, मग हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा जोरात ठेवून निघा. हीटर हा छोटा रेडिएटरच आहे. नुसतं पाणी भरलं असेल तर रात्री ते इंजिनातच गोठून ब्लॉक फोडू शकतं. त्यासाठी घट्ट (पाणी न मिसळलेल्या) कूलंटचा एक लिटरचा कॅन आणि पाच लिटर पाणी गाडीत असू द्या.

प्रश्न : दगड लागून ऑइल चेंबर फुटला तर एम-सीलने भागेल? (वाचक, चिपळूण)

लहान चीर असेल तर भागतं, पण तयारी नीट करावी लागते. डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा लागला की त्या क्षणी इंजिन बंद. पुढच्या वळणापर्यंतही नको. दाबाविना बेअरिंग मिनिटभरात जातात. ऑइल स्वच्छ डब्यात पूर्ण निथळू द्या, ते परत वापरता येईल. चिरेभोवतीची जागा सॅंडपेपरने खरवडा, पेट्रोलच्या चिंधीने पुसा, कोरडी होऊ द्या. एम-सीलचे दोन्ही भाग एकच रंग येईपर्यंत मळून चिरेत दाबा आणि बाहेर दोन सेंटिमीटर पसरवा. थंडीत ते फार हळू घट्ट होतं, तेव्हा नखाने दाबून खूण उमटत नाही तोवर थांबा. लहान गाडीत साडेतीन-चार लिटर ऑइल मावतं; निदान दोन लिटर जवळ ठेवा. निघाल्यावर आधी दोन, मग पाच, मग दर दहा किलोमीटरला उतरून गाडीखाली बघा.

प्रश्न : नेटवर्क नसताना मदतीसाठी चालत निघावं का? (वाचक, नाशिक)

गाडीजवळच थांबा. गाडी लांबून दिसते, आडोसाही तीच देते. हंगामात या रस्त्यावर दिवसा ट्रक, टॅक्सी जात राहतात आणि छत्रू, बातलला ढाबे असतात. जाणाऱ्या चालकाकडे तोंडी निरोप देऊ नका, कागदावर लिहून द्या : गाडीचं मॉडेल, साल, इंधन, चासी नंबर, काय तुटलं आणि गाडी कुठे उभी आहे. चासी नंबर असला की काझा किंवा मनालीहून येणारा सुटा भाग चुकत नाही. फोनचं जीपीएस नेटवर्कविना चालतं, त्यातले अक्षांश-रेखांश त्याच कागदावर उतरवा. रात्री हीटरसाठी इंजिन चालू ठेवून झोपू नका. सायलेन्सरभोवती बर्फ साचलं किंवा सायलेन्सर फुटलेला असला तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो आणि त्याला वास नसतो. माणशी एक स्लीपिंग बॅग गाडीत हवीच.